लाल व्हायला ऊन लागत नाही

डिसेंबरचा दुसरा आठवडा. नाशिकला पहाटे पारा नऊवर उतरलेला आणि आमच्या गच्चीवरच्या दोन झाडांना मिळून ३१ हिरवे टोमॅटो. तीन आठवडे झाले, ते तेवढेच आणि तसेच होते. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी मोजून यायचे. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू विचारायच्या, "काय गं, चढला का रंग?" मी मानेनंच नाही म्हणायचे.

त्याच दिवसांत पाणी घालताना पाइपच्या हिसक्यानं एक फांदी मोडली. तिच्यावरचे दोन टोमॅटो मी स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या टोपलीत टाकले आणि विसरून गेले. आठ दिवसांनी कांदा काढायला हात घातला, तर दोन्ही लाल! झाडावरच्या त्यांच्या भावंडांना मूळ, पानं, खत, ऊन सगळं मिळत होतं. तरी ते हिरवे, आणि तुटून अंधाऱ्या टोपलीत पडलेले दोघे पिकून मोकळे.

रविवारी न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा हीच गोष्ट निघाली.

"ताई, नऊ अंशाला तुम्ही थंडी म्हणता? इथे बाहेर उणे चार आहे."

"असू दे की. माझी झाडं अजून उभी आहेत. तुझी कुठे आहेत?"

"माझी ऑक्टोबरातच गेली. एका रात्रीत काळी पडली. पण आदल्या संध्याकाळी सगळे हिरवे टोमॅटो काढून बुटांच्या खोक्यात भरून तळघरात ठेवले होते. नोव्हेंबर संपेपर्यंत खात होते."

म्हणजे तिचे खोक्यात पिकले, माझे टोपलीत. बाहेर झाडावर मात्र ते तिथेही पिकले नाहीत आणि इथेही नाहीत. टोमॅटो लाल होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा समजलं की हे कोडं सुटतं. शिवाय हंगामाच्या शेवटी झाडावर राहिलेल्या हिरव्या फळांचं काय करायचं, हेही कळतं.

थंडी दोन प्रकारची

बहिणीच्या झाडांना मारणारी थंडी आणि माझ्या झाडांना थोपवून धरणारी थंडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पारा शून्याच्या खाली गेला की झाडाच्या पेशींच्या आजूबाजूचं पाणी गोठतं. बर्फाचे बारीक स्फटिक तयार होतात आणि ते पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतात. पेशीचं पातळ पटल या ओढाताणीत फाटतं. सकाळी ऊन आल्यावर पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबतात आणि मग काळी पडतात. आपल्याकडे हे क्वचितच होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कधी पहाटे दंव गोठून पांढरं दिसतं, तेवढीच त्याची झलक.

गंमत अशी, की हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही पान गोठू शकतं. निरभ्र रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकत असते. पान पातळ असल्यामुळे ते पटकन गार होतं, भोवतालच्या हवेपेक्षाही गार. आकाशात ढग असतील तर ते गोधडीसारखं काम करतात आणि उष्णता परत खाली पाठवतात. ढगाळ रात्रीची थंडी कमी बोचते ती यामुळे. झाडावर रात्री जुनी सुती साडी किंवा गोणपाट टाकण्याची पद्धत याच कारणानं उपयोगाची आहे. साडी स्वतः काही ऊब देत नाही. ती झाड आणि आकाश यांच्यामध्ये पडदा धरते. निफाडकडे पारा फार घसरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणी देतात, तीही याच उघड्या आकाशाशी चाललेली झुंज असते.

दुसरी थंडी गोठवत नाही, नुसती गारठवते. टोमॅटोचं मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात, अँडीज पर्वताच्या परिसरात. तिथून तो मेक्सिकोत गेला, तिथल्या लोकांनी त्याची लागवड वाढवली, आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला. उबदार प्रदेशातलं हे झाड पारा साधारण १० ते १२ अंशांच्या खाली गेला की अडखळतं.

का अडखळतं, ते हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली पाहिली की कळतं. उन्हाळ्यात पाण्यासारखं वाहणारं तेल डिसेंबरात थिजून पांढरं होतं. पेशीचं पटलही बऱ्याच अंशी स्निग्ध पदार्थांचंच बनलेलं असतं. गहू, हरभरा, कोबी अशा थंडी मानवणाऱ्या पिकांच्या पटलातला स्निग्धांश गारव्यातही पातळ राहतो. टोमॅटोचा मात्र घट्ट होऊ लागतो. पटल ताठरलं की त्यातून होणारी देवाणघेवाण मंदावते आणि त्याच्या आधारानं चालणारी पेशीतली कामं रेंगाळतात. झाड मरत नाही, पण पहाटेचे ते काही तास त्याच्यासाठी वायाच जातात.

उष्णतेचं खातं

आता हिशेब करून पाहू. शेतीशास्त्रात पिकाची वाढ नुसत्या दिवसांवर मोजत नाहीत, त्या दिवसांत मिळालेल्या उबेवर मोजतात. कल्पना साधी आहे. १० अंशांच्या खाली टोमॅटोची वाढ जवळजवळ थांबते असं धरायचं. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, त्याची सरासरी काढायची आणि त्यातून १० वजा करायचे. उरेल ती त्या दिवशी झाडाच्या खात्यात जमा झालेली रक्कम.

समजा ऑक्टोबरात दुपारी ३२ आणि पहाटे १८ अंश आहेत. सरासरी २५, जमा झाले १५. डिसेंबरात दुपारी २८ आणि पहाटे १० अंश. सरासरी १९, जमा झाले फक्त ९. फूल लागल्यापासून फळ पूर्ण आकाराचं व्हायला चांगल्या हवेत साधारण दीड महिना लागतो. १५ च्या दरानं ४५ दिवसांत ६७५ जमतात. तेवढेच ९ च्या दरानं जमवायचे तर ७५ दिवस लागतील. म्हणजे एक महिना जास्त, आणि तोही थंडीची लाट आली नाही तर.

हा हिशेब ढोबळ आहे, पण माझ्या गच्चीवर काय चाललं होतं ते त्यातून लख्ख दिसतं. दसऱ्याच्या सुमारास लागलेली फळं दिवाळीनंतर भराभर लाल झाली होती. दिवाळीत लागलेली अजून खातं भरत बसली होती.

फळ स्वतःच तयार करतं तो वायू

पूर्ण वाढ झालेला हिरवा टोमॅटो एका इशाऱ्याची वाट पाहत असतो, आणि तो इशारा तो स्वतःच देतो. इथिलीन नावाचा एक साधा वायू असतो. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू, बस्स. फळ पक्वतेला आलं की ते हा वायू अगदी थोडा तयार करू लागतं. त्या थोड्या वायूमुळे आणखी वायू तयार होतो, त्यानं आणखी. घराघरांतून आरतीला एक टाळी सुरू झाली की हळूहळू सगळे वाजवू लागतात, तसं.

या वायूची ओळख पटली ती भलत्याच ठिकाणी. सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव नावाचा तरुण संशोधक वाटाण्याची रोपं वाढवत होता. प्रयोगशाळेतली रोपं सरळ वर न जाता आखूड, जाड होऊन आडवी वाढत होती. मोकळ्या हवेत नेली की पुन्हा सरळ व्हायची. प्रयोगशाळेत दिव्यांसाठी वापरला जाणारा वायू हवेत मिसळत होता आणि त्यातलं इथिलीन हे या प्रकाराचं कारण आहे, हे त्यानं १९०१ मध्ये दाखवून दिलं. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं, की पिकणारं सफरचंद स्वतः इथिलीन बाहेर टाकतं. तोपर्यंत आपल्या कोकणात आंब्याच्या किती आढ्या लागून गेल्या असतील! भाताच्या पेंढ्यात आंबे झाकून ठेवले की एक पिकतो आणि मग त्याच्या संगतीनं सगळे पिकतात, हे आजीला ठाऊक होतं. पेंढा ऊब धरतो आणि वायूला कोंडून ठेवतो, ही त्यामागची दोन कारणं.

इथिलीनचा इशारा मिळाला की फळात एकदम बरीच कामं सुरू होतात. हरितद्रव्य मोडू लागतं आणि हिरवा रंग फिका पडतो. लायकोपीन नावाचं लाल रंगद्रव्य तयार होतं. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळायला लागतं, त्यामुळे फळ मऊ होतं. आंबटपणा उतरतो आणि टोमॅटोचा तो ओळखीचा वास देणारे पदार्थ बनू लागतात.

या सगळ्या कामांत उन्हाचा थेट वाटा जवळजवळ नाही. पानांना ऊन लागतं, कारण साखर तिथे तयार होते. फळाला लाल व्हायला लागते ती फक्त ऊब. साधारण २० ते २५ अंशांत हे काम सर्वांत नीट चालतं. १२-१३ च्या खाली ते रखडतं. आणि ३० च्या वर गेलं की लायकोपीन बनणंच बंद होतं, पण पिवळं रंगद्रव्य बनत राहतं. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरचे टोमॅटो नारिंगी-पिवळट होऊन मऊ पडतात ते त्यामुळे. तेव्हा हिरवे टोमॅटो पिकावेत म्हणून कठड्यावर उन्हात मांडून ठेवण्यात काही हशील नाही. खिडकीतल्या उन्हात तापलेला टोमॅटो डागाळतो आणि सुरकुततो.

माझ्या टोपलीचं रहस्य आता उघड आहे. स्वयंपाकघरात पहाटेसुद्धा २० अंशांच्या आसपास ऊब होती, त्यामुळे त्या दोन टोमॅटोंची रात्रपाळी चालू राहिली. टोपलीत वायू थोडा साठून राहिला. आणि फांदी मोडताना झालेल्या इजेनंही भर घातली, कारण दुखावलेला वनस्पतीचा भाग जास्त इथिलीन सोडतो. गच्चीवरच्या फळांचा तो वायू मात्र वाऱ्यावर उडून जात होता.

विळीवर तीन टोमॅटो

मग सगळेच हिरवे टोमॅटो तोडून टोपलीत टाकावेत का? नाही. इथे मी घाई केली आणि त्यात सात-आठ फळं वाया गेली. ती लाल न होता नुसती सुकून रबरासारखी झाली. इशारा देण्याइतकं वय ज्याचं झालेलं नाही, ते फळ तोडल्यावर पिकत नाही.

वय ओळखायचं कसं, ते पाहायला मी वेगवेगळ्या आकाराचे तीन हिरवे टोमॅटो विळीवर आडवे चिरले. पहिला लिंबाएवढा, गडद हिरवा. आतले कप्पे घट्ट, कोरडे, आणि विळीच्या पात्यानं बियाही कचकन कापल्या गेल्या. दुसरा थोडा मोठा. कप्प्यांच्या कडेनं जेमतेम ओल सुटलेली, निम्म्या बिया कापलेल्या. तिसऱ्यात प्रत्येक कप्पा हिरवट, पारदर्शक गरानं भरलेला, आणि पातं आलं तशा बिया त्या गरातून घसरून बाजूला झाल्या होत्या. एकही बी कापली गेली नव्हती. हा तिसरा म्हणजे वयात आलेला टोमॅटो. बाहेरून हिरवाच, पण पिकायला तयार.

दर वेळी फळ चिरून पाहता येत नाही, म्हणून बाहेरच्या खुणा शिकून घ्याव्या. तयार फळाचा हिरवा रंग गडद राहत नाही, तो पांढुरका होतो आणि सालीवर तुकतुकी येते. फळ उलटं करून तळाशी पाहिलं तर तिथे फिकट चांदणीसारखा ठिपका उमटलेला दिसतो. त्याच चांदणीवर पुढे गुलाबी छटा येते. ही छटा दिसली की फळ झाडावर ठेवण्याची गरज संपली. तिथून पुढे झाडाकडून त्याला फारसं काही मिळायचं नसतं, आणि घरात पिकवलं तरी चवीत मोठा फरक पडत नाही. हिरवं असतानाच तोडलं तर मात्र साखर थोडी कमी भरते, हे मान्य केलं पाहिजे. कारण साखर येते पानांतून, आणि तोडल्यावर ती वाट बंद होते.

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पाहिले तर लांबच्या गावी जाणारा माल अर्धकच्चाच दिसतो. तो वाटेत पिकतो. आपण घरी करतो तेच तिथे ट्रकभर होतं.

चौकट : हिरवे टोमॅटो घरात पिकवताना

चांदणी उमटलेलीच फळं घ्या. देठाचा छोटा तुकडा राहू द्या, पण तो दुसऱ्या फळाला टोचणार नाही असं पाहा. धुतली तर पूर्ण कोरडी करा. टोपलीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्राचा कागद घालून एकाच थरात मांडा आणि वरून कागद झाका. सोबत एक पिकतं केळं किंवा सफरचंद ठेवा, तेही इथिलीन सोडतं. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत वाफ धरते आणि बुरशी येते. दर दोन दिवसांनी पाहा, डागाळलेलं फळ लगेच बाजूला काढा. साधारण आठ ते चौदा दिवसांत रंग चढतो. बाजारात मिळणारी कार्बाइडची पुडी कधीही वापरू नका. तिच्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात, आणि फळं पिकवण्यासाठी तिच्या वापरावर आपल्या देशात बंदी आहे.

फ्रीजमध्ये काय बिघडतं

हिरवा टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवला तर तो पिकत नाहीच, पण बाहेर काढल्यावरही नीट पिकत नाही. चार-पाच अंशांत त्याची पटलं दुखावतात. नंतर त्याच्यावर खोलगट डाग पडतात आणि रंग धरला तरी ठिगळाठिगळांनी धरतो.

पिकलेल्या टोमॅटोचं दुखणं वेगळं. तो दिसायला छान राहतो, पण वास जातो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचं कारण दाखवलं. टोमॅटो आठवडाभर पाच अंशांत राहिला की वास तयार करणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही वास पूर्ण परत येत नाही. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यात वासाचा वाटा फार मोठा असतो. माझं मत विचाराल तर कोशिंबिरीचा टोमॅटो फ्रीजमध्ये जाऊच नये. आमटीत जाणारा, फार पिकलेला, दोन-तीन दिवस ठेवायला हरकत नाही.

थंडीत फूल का गळतं

झाडाच्या शेंड्याला अजून पिवळी फुलं येत असतात, आणि ती पाहून आशा वाटते. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर एकत्र येऊन मधोमध एक पिवळी नळी करतात, पराग त्या नळीच्या आत असतो. फूल हललं की मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसा तो आतल्या कुक्षीवर सांडतो. वारा हे काम करतो. निळ्या पट्ट्यांची एक देशी माशी फुलाला बिलगून पंखांच्या स्नायूंनी थरथरते आणि पराग झाडून घेते. मधमाशीला तसं थरथरणं जमत नाही. रात्री पारा १३ अंशांच्या खाली जात राहिला तर पराग नीट तयार होत नाही, पुरेसा सुटतही नाही. फळ न धरता फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं.

म्हणून थंडीची चाहूल लागली की मी आता शेंडे खुडते. आमच्याकडे ही वेळ नोव्हेंबरच्या मध्याला येते. नवी फुलं काढून टाकते आणि पाणी थोडं कमी करते. पानांत बनणारी साखर मग आहे त्या फळांकडे जाते. काकूंना आधी हे क्रूर वाटलं. आता त्याही खुडतात. बहीण कधीकधी याच्याही पुढे जाते. गोठवणारी पहिली रात्र जवळ आली की ती अख्खं झाड मुळासकट उपटते आणि फळांसकट तळघरात उलटं टांगते. झाड सुकत जातं, वयात आलेली फळं त्याच्यावरच एकेक करून लाल होतात.

आणि राहिलेले कोवळे टोमॅटो? त्यांची चटणी. हिरव्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचं कडसर द्रव्य असतं, ते फळ पिकताना बरंचसं नाहीसं होतं. पानांत आणि खोडात ते जास्त असतं, म्हणून पाला खाऊ नये. पण फोडी तेलावर चांगल्या परतून, भाजलेले शेंगदाणे, तीळ, लसूण आणि हिरवी मिरची घालून वाटलेली चटणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तिला लागणारा आंबटपणा लाल टोमॅटोत मिळत नाही.

माझ्या ३१ पैकी वाया गेलेली आणि चिरलेली वगळता १४ फळांवर चांदणी होती. ती खोक्यात गेली आणि नाताळापर्यंत १२ लाल झाली. बाकीच्यांची चटणी झाली, निम्मी काकूंकडे गेली. तुमच्या गच्चीवर किंवा अंगणात असे टोमॅटो थांबले असतील, तर आज अंधार पडायच्या आत एकदा फळं उलटी करून तळाशी पाहा. चांदणी असेल ते घरात आणा.